न पोचलेली बरणी

धर्मापुरीत कुणी लिंगायत माणूस गेला, की घरचे आधी रडत आणि लगेच अमरनाथ आप्पांना बोलावणं धाडत. मंत्राला स्वामी येत, पण त्याआधीचं सगळं काम आप्पांचं. मृताला आंघोळ घालायची, कपाळाला आणि दंडांना विभूती लावायची, मांडी घालून बसवायचं. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. आता मेलेला माणूस काही आपण होऊन मांडी घालत नाही. चार-पाच तास गेले की गुडघे आखडतात, घरची माणसं घाबरून ओढाताण करतात आणि मग बायकांच्या रडण्याला नवा जोर येतो. आप्पा सगळ्यांना खोलीबाहेर काढत, गरम पाण्यात पिळलेली फडकी गुडघ्यांवर ठेवत आणि मृताशी बोलत बोलत पाय दुमडत. "हं, बसा आता. जन्मभर लई उभं ऱ्हायलाव," असं काहीबाही. लहानपणी मी दाराच्या फटीतून हे पाहिलं आहे आणि हसले म्हणून मारही खाल्ला आहे.

मी तिथे कशी, तर माझे वडील शहादेव खड्डा खणायला जात आणि मी त्यांच्या मागे. आम्ही बौद्धवाड्यातले. आप्पांचं किराणा दुकान वेशीपाशी. गावात दुसरी दोन दुकानं होती, तिथे आम्हा पोरांच्या ओंजळीत गोळ्या वरून पडत. आप्पा हातावर हात टेकवून गोळी ठेवत. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि त्याचं भाषणही केलं नाही. पण आमच्या वाड्यातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मी दहावीला असताना पुस्तकांसाठी वडलांनी त्यांच्यापुढे तोंड उघडायच्या आधीच त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यातून मला विज्ञानाचं पुस्तक काढून दिलं होतं, अर्ध्या धड्यांची पानं पुड्या बांधण्यात गेलेलं.

त्यांची बायको शांतादेवी बेचाळिसाव्या वर्षी गेली. गर्भपिशवीचा कॅन्सर. बायकोलाही त्यांनीच बसवलं. मागे अकरा वर्षांची शिवांजली राहिली. आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीची वेणी घालायला ते शिकले, ती कायम एका बाजूला कललेली असे आणि शाळेत आम्ही तिला त्यावरून छळत असू. शिवांजली माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पुढे ती अंगणवाडी सेविका झाली, परळीच्या एसटी डेपोतल्या रवि नावाच्या मेकॅनिकशी तिचं लग्न झालं, वर्षाराणी नावाची मुलगी झाली. तिला सगळे राणी म्हणतात.

आप्पांची एक गोष्ट गावात फार कौतुकाने सांगतात. उत्तरेश्वर हालगे नावाच्या माणसाचा पाय साखरेच्या आजारात कापावा लागला. आप्पा दवाखान्यात गेले, तो पाय पोत्यात घालून गावी आणला आणि हालग्यांच्या शेतात विधिवत मातीत ठेवला. नऊ वर्षांनी उत्तरेश्वर गेले तेव्हा त्यांना त्या पायाच्या शेजारीच बसवलं. "आता कसं, माणूस सगळा एका जागी झाला," असं आप्पा म्हणाले आणि हालग्यांच्या घरातल्या बायका त्यांच्या पाया पडल्या. मीसुद्धा ही गोष्ट लॅबमधल्या मैत्रिणींना हौसेने सांगत असे. आता सांगत नाही.

लॅब म्हणजे आंबाजोगाईतली एक खाजगी लॅब. तिथे मी चौदा वर्षं टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आमच्याकडे औषधाच्या पाण्यात बुडवून, बरणीत येतो. आमचे डॉक्टर त्यातले नेमके तुकडे निवडतात. मी ते मेणात बसवते, मेणाच्या त्या लहानशा वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. मग त्याचे अगदी पातळ काप काढून काचेवर चढवते, रंग देते. पूर्वी एवढंच विचारत, कॅन्सर आहे की नाही. आता त्यावर भागत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्या पेशींतली ठरावीक प्रथिनं शिल्लक आहेत की नाहीशी झालीत, हेही पाहतात. त्यावरून आजार पुढे कसा वागेल, परत येईल का, कोणतं औषध लागू पडेल आणि कोणतं फुकट जाईल, ते पुष्कळसं सांगता येतं. डॉक्टर त्यांना मार्कर म्हणतात. मी घरी सांगताना म्हणते, आजाराचा स्वभाव कळतो. आमचे वडील त्यावर म्हणतात, "माणसाचा कळंना झालाय आन् ही आजाराचा काढायलीय."

दोन वर्षांमागच्या श्रावणात शिवांजली माहेरी आली होती. वय तेहेतीस. तीन दिवस पोट फुगलेलं, शौचाला नाही, चौथ्या दिवशी हिरव्या उलट्या. आप्पांनी तिला जीपमध्ये घालून परळीतल्या एका दवाखान्यात नेलं. रवि गाडी दुरुस्तीला लातूरकडे गेला होता. आतडं बंद झालं आहे म्हणून डॉक्टरांनी दुपारीच पोट उघडलं. बाहेर येऊन त्यांनी आप्पांना सांगितलं, "गाठ होती. दिसत होती तेवढी सगळी काढली. ही बरणी आजच आंबाजोगाईला लॅबमध्ये द्या. रिपोर्ट आला की पुढचं ठरवू." आणि पांढऱ्या प्लास्टिकची बरणी, वर चिठ्ठी, बापाच्या हातात दिली. आपल्याकडे ही रीतच आहे. पोटातून काढलेलं, त्या माणसाच्या सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात भेदरलेल्या नातेवाइकाच्या हातात द्यायचं आणि आपण पुढच्या पेशंटकडे वळायचं. बरणी पोचली का, हे कुणी विचारत नाही.

पुढचं मला आप्पांनीच सांगितलं, सात महिन्यांनी, माझ्या टेबलासमोर उभं राहून.

बरणी कापडी पिशवीत ठेवून ते निघाले होते. दारात एक सिस्टर भेटली. त्यांनी तिला विचारलं, "ताई, तपासून झाल्यावर हे परत भेटतंय का ओ?"

"परत कशाला पाहिजे, बाबा? उरलेलं पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं."

"जाळतेत?"

"मग काय पूजा करत्यात?"

ती बाई वाईट नव्हती, घाईत होती. मीही पेशंटच्या माणसांना याहून तिरकस उत्तरं दिलेली आहेत. पण आप्पांच्या कानात तो एकच शब्द राहिला. परळीच्या स्टँडवर आंबाजोगाईची गाडी लागली, कंडक्टरने हाका मारल्या, आप्पा उठले नाहीत. दुसरी लागली, तीही गेली. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत पोरीच्या अंगाचा भाग होता. आजवर शंभरावर माणसांना त्यांनी आगीपासून लांब, नीट बसवून मातीत ठेवलं होतं आणि आता स्वतःच्या लेकीचं मांस ते स्वतःच्या हाताने जाळायला पोचवणार होते. डॉक्टर म्हणाले ना, सगळं निघालं. मग जे निघालं त्याला आता काय विचारायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते धर्मापुरीच्या जीपमध्ये बसले.

शांतादेवींच्या समाधीशेजारी माझ्या वडलांनी हातभर खड्डा केला. आप्पांनी बरणीतलं उग्र वासाचं पाणी ओतून दिलं, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं म्हणे. मग साध्या पाण्याने तो भाग धुतला, विभूती लावली, खाली मीठ, वर बेल, आणि माती दिली. माझ्या वडलांकडून शब्द घेतला, की हे कुणाला सांगायचं नाही. चिठ्ठी घडी करून दुकानाच्या गल्ल्यात ठेवली. बरणी घासून ठेवली.

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, रिपोर्ट आला का. आप्पा म्हणाले, "येणार हाय." पुढच्या खेपेला दुसरेच डॉक्टर होते, त्यांनी जखम पाहिली आणि छान भरलीय म्हणाले. रविला वाटत होतं, रिपोर्ट आप्पांकडे आहे. शिवांजलीला वाटत होतं, रविकडे आहे. आणि मी? मी तिला भेटायला डाळिंबं घेऊन गेले होते. तिची जखम पाहिली, तिच्याशी तासभर गप्पा मारल्या, अंगणवाडीतल्या खिचडीवरून हसलो. चौदा वर्षं मी हेच काम करते आणि तिचा तुकडा कुठल्या लॅबला गेला, एवढं माझ्या तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या कुठल्या लॅबला गेला असेल असं मी धरून चालले. आप्पांवर रागवायचा मला किती हक्क आहे, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे.

फाल्गुनात रवि तिला आंबाजोगाईला घेऊन आला. वजन अकरा किलोने उतरलेलं, उजव्या बरगडीखाली दुखणं. सोनोग्राफीत यकृतावर डाग. लातूरहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ऑपरेशनचा रिपोर्ट कुठे आहे? रविने सासऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, आमचे डॉक्टर यायच्या आधी, आप्पा लॅबच्या दारात उभे होते. चपला बाहेर काढून आत आले.

"चैते, एक काम व्हतं."

"बोला की आप्पा."

"शिवीचा एक रिपोर्ट पायजे. श्रावणातला."

"आमच्याकडं आला होता?" मी रजिस्टर घ्यायला उठले.

"न्हाई आला. म्हणूनच म्हनायलोय. तू लिहून दे एखादा. तुला समदं म्हाईत असतंय, कसं लिहितेत ते."

मला आधी हसूच आलं. आप्पांनी आयुष्यात कुणाकडे बनावट काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते एकदाही थांबले नाहीत आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी ओरडले. माझा आवाज खाली रस्त्यावर गेला असणार. मी म्हणाले, "मेलेल्यांची एवढी काळजी करता आप्पा, जित्या लेकीची कावून नाही केली?" हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी माझी चौदा वर्षांची नोकरी दिली असती.  आप्पांच्या कपाळावरची विभूती घामाने ओली झाली होती.

"मग काढून आणू का?" ते म्हणाले.

"काय राहिलं असेल आता त्यात? औषधाचं पाणी तुम्हीच ओतून दिलंत. त्या पाण्यात असतं तर एक वेळ काही..." मी पुढे बोलले नाही. त्यात असतं तर खरंच काही हाती लागलं असतं, हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. पण अर्धं सांगून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. हातात तीच पांढरी बरणी. आत माती.

"तुजा बाप कुदळ मारायला न्हाई म्हनला. मीच मारली," ते म्हणाले. "हातभर खाली गेलो. काही दिसलं न्हाई. पर माती तिथलीच हाय, चैते. तुमच्या मशिनीत बघ की. एखांदा कण तरी असंल."

मी बरणी हातात घेतली. घ्यायला नको होती, पण कशी नाही म्हणणार? त्या दिवशी आमचे डॉक्टर लवकर आले होते. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, बंद केलं आणि आप्पांना खुर्चीवर बसवून सरळ सांगितलं, "बाबा, यातून काही मिळणार नाही. हे परत घेऊन जा." आप्पांनी दोन्ही हातांनी बरणी घेतली. जाताना ते डॉक्टरांना नमस्कार करायलाही विसरले नाहीत.

संध्याकाळी मी वडलांना फोन केला. तुम्ही मला का नाही सांगितलं, म्हणून भांडले.  ते म्हणाले, "आप्पानं शबुद घेतलता. आन् मला काय ठाव बाई, त्या तुकड्यात तिचा जीव हाय म्हणून. मी खड्डे खांदणारा मानूस." त्यांच्याशी मी महिनाभर धड बोलले नाही. ते आता थकलेत, आणि त्या महिन्याचं मला वाईट वाटतं.

सुई घालून यकृतातला तुकडा काढला. शेवईच्या काडीएवढा, बोटाच्या पेराइतका लांब. तो माझ्याच टेबलावर आला. मेणात तो सरळ बसवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. साध्या रंगात कॅन्सर दिसला, तो दिसणारच होता. मार्करसाठी ब्लॉक पुण्याला पाठवावा लागतो, आमच्याकडे ती सोय नाही. तिकडून म्हणाले, दोन आठवडे. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, आतड्याच्या या आजाराच्या दोन जाती आहेत, एकीला नेहमीचं औषध, दुसरीला वेगळंच इंजेक्शन, आणि ते वेगळं इंजेक्शन लागू पडलं तर माणूस उठून चालायला लागतो. पण कुठली जात ते कळल्याशिवाय आणि तिची ही तब्येत बघता, मी अंधारात काही देणार नाही, असं ते म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. कावीळ वाढत होती.

शिवांजली तेव्हा सरकारी दवाखान्यात होती. मी दुपारी डबा घेऊन जायची. आप्पा खाटेशेजारी फरशीवर बसलेले असत. राणी रविच्या आईकडे होती. एक दिवस शिवांजलीने मला विचारलं, "चैताली, श्रावणातल्या रिपोर्टात काय आलतं गं? मला कुणीच दावलं न्हाई."

मी डब्याचं झाकण लावत बसले. आप्पा उठून उभे राहिले आणि त्यांनीच सांगितलं. थोडक्यात, न रडता. नेलं न्हाई. मातीत ठिवलं. तुज्या आईपशी.

 ती माझ्याकडे वळली. "त्याच्यातून काय कळलं असतं?"

मी सांगितलं. गाठीच्या भोवतीच्या ग्रंथी किती बिघडल्या होत्या ते, म्हणजे आजार किती पसरला होता ते. आणि मार्कर, म्हणजे तो परत येणारा आहे का, आणि आला तर कशाने दबेल. तिने मान हलवली. अंगणवाडीत वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून ती आयांना समजावून सांगायची, त्यामुळे असलं समजायला तिला वेळ लागत नसे.

"म्हंजे आप्पा," ती म्हणाली, "तुमी माझी माती आधीच करून आलाव की."

आणि ती हसली. तिला आमच्या गावाकडची ती खवचट चेष्टा लहानपणापासून येत होती. हसताना पोटात कळ आली म्हणून थांबली. आप्पा हसले नाहीत, रडलेही नाहीत. तिने भिंतीकडे तोंड केलं. तो सगळा दिवस तिने त्यांच्या हातून पाणी घेतलं नाही, सिस्टरकडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाटी पुढे केली तेव्हा प्यायली. तिने माफ केलं होतं की नुसती तहान होती, मला कळलं नाही. आप्पांनीही कधी विचारलं नसावं.

सुई घातल्यापासून नवव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, ती गेली.

धर्मापुरीला नेलं. लोक जमले, स्वामी आले. आप्पांनी हे काम करू नये असं सगळ्यांना वाटत होतं, पण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. चाळीस वर्षं गावाने ते त्यांच्यावर टाकून दिलं होतं. त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना बाहेर काढलं. मी एकटी आत राहिले, पाणी द्यायला. फडकी गरम करायची वेळ आली नाही. ती इतकी वाळली होती की गुडघे लगेच दुमडले. त्यांनी तिचे केस विंचरले आणि वेणी घातली. ते मेलेल्यांशी बोलतात हे मला माहीत होतं, म्हणून मी वाट पाहत होते. त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत.

त्यानंतर आप्पा कुणाच्या मातीला गेले नाहीत. मागच्या वर्षी गावात तीन मयती झाल्या. लोक बोलवायला आले तेव्हा त्यांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. एका घरात म्हाताऱ्याचे पाय दुमडेनात, तेव्हा शेवटी आडवंच ठेवलं म्हणे. त्या घरचे लोक आता आप्पांच्या दुकानात येत नाहीत.

पुण्याचा रिपोर्ट ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी आला. मी तो दारात उभ्यानेच वाचला. चार प्रथिनं पाहतात, त्यांतली दोन नव्हती. शेजारच्या चांगल्या पेशींत ती होती, गाठीच्या पेशींत नव्हती. शंका घ्यायला जागाच नाही इतका स्वच्छ निकाल. म्हणजे दुसरी जात, वेगळ्या इंजेक्शनची. आमच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या जातीचा आजार ऑपरेशनच्या वेळी धरला आणि नीट लक्ष ठेवलं, तर त्यातली पुष्कळ माणसं वाचतात. शिवांजली त्या पुष्कळांतली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. मार्कर शंभर माणसांचं सांगतो, एकट्या शिवांजलीचं सांगत नाही. हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे, त्याने काही हलकं वाटत नाही.

पंधरा दिवसांनी आप्पा आले. रविने पाठवलं होतं, रिपोर्ट घ्यायला. मी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला. आमच्या डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, की घरच्यांना एक गोष्ट सांगावीच लागेल. ही दोन प्रथिनं नसणं पुष्कळदा घराण्यातून येतं. आईकडून लेकीला.

"शांतीला पिशवीचा झालता," आप्पा म्हणाले. मी तोंड उघडायच्या आतच त्यांना ते दिसलं होतं. "त्योच का ह्यो?"

"तसंच असावं."

"मंग राणीला?"

"येऊ शकतं. निम्मं-निम्मं धरायचं. मोठी झाल्यावर तिचं रक्त तपासता येईल. पण रक्तात नेमकं काय शोधायचं, ते आधी शिवांजलीच्या तुकड्यातून काढावं लागेल." मी कपाट उघडून ब्लॉक काढला. पुण्याहून परत आलेला. सुईचा तुकडा आधीच केवढासा, काप काढून काढून तो संपत आला होता. मेणात एक करडी रेघ उरली होती, तीही तुटक. "एवढ्यात भागेल की नाही, ते बघावं लागेल. मी तुम्हाला खोटं सांगत नाही."

त्यांनी तळहात पुढे केला. मी ब्लॉक त्यावर ठेवला. मला वाटलं, आता हे मागतील, घेऊन जाईन म्हणतील, आणि मी काय करणार होते कुणास ठाऊक. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"ठिव. कुलपात ठिव. कुनाला देऊ नको, मी मागितला तरी."

चहा तसाच राहिला. रिपोर्टचं पाकीट घेऊन ते दारापर्यंत गेले, चपलांत पाय घातला, काढला आणि परत आत आले.

"चैते, एक इचारतो. खरं सांग. हे जे आलंय कागदावर, ते त्या पयल्या बरणीतूनबी कळलं असतं का?"

लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. आप्पा, तेव्हा काही कळलं नसतं, आजार तेव्हा वेगळा होता, असं काहीही. त्यांना मार्करमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी ते मान्य केलं असतं. पण सात महिने ज्या खोटेपणाने घात केला त्यात आणखी एक भर घालायची, हे माझ्याने झालं नाही. की मला अजून त्यांचा राग होता? असेल.

"हो, आप्पा," मी म्हणाले. "पहिल्या पंधरा दिवसांत कळलं असतं. आणि तो मोठा भाग होता. राणीसाठीही पुरून उरला असता."

 ते दारापाशी गेले, तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "न्हाईतर हळूहळू मी मला माफ करून टाकलं असतं."

मी खोटं बोलायला हवं होतं.